छापायच्या यंत्राचे हेड बदलताना

बचत गटाच्या बाया मसाला कुटतात, पापड लाटतात, शेवया करतात. माल चांगला असतो. पण तो पिशवीत भरून बाजारात न्यायचा म्हणजे पिशवीवर चिठ्ठी हवी. या चिठ्ठीला आता सगळे लेबल म्हणतात. आपणही लेबलच म्हणू.

लेबलावर काय काय असावे लागते? माल कोणी केला, कुठे केला, वजन किती, किंमत किती, कोणत्या महिन्यात भरला आणि तक्रार असली तर कोणाला सांगायची. बंद पाकिटातला माल विकायचा, तर २०११ सालच्या सरकारी नियमांप्रमाणे ही माहिती लागते. खाण्याचा जिन्नस असला तर परवान्याचा चौदा आकडी नंबरही लागतो. शिवाय मोठा दुकानदार काळ्या रेघांचा एक पट्टा मागतो. त्याला बारकोड म्हणतात. दुकानातले यंत्र तो पट्टा वाचते आणि माल ओळखते.

हे सगळे हाताने लिहीत बसले तर मसाला कुटायचा केव्हा? म्हणून पुष्कळ गटांनी लेबल छापायचे लहान यंत्र घेतले आहे. ते हातात मावते. कमरपट्ट्याला अडकवता येते. बॅटरीवर चालते. मोबाइलवरून हुकूम दिला की लेबल बाहेर येते. एस.टी.चा कंडक्टर ज्या यंत्रातून तिकीट काढून देतो, त्यातली छपाईही याच जातीची.

यंत्र दोन-तीन वर्षे बिनतक्रार चालते. मग एक दिवस लेबलावर बारीक पांढरी रेघ दिसू लागते. कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. पुढे त्या रेघेच्या शेजारी दुसरी रेघ येते. किमतीतल्या इंग्रजी आठाची डावी बाजू पुसते आणि तो तीनासारखा दिसतो. बारकोड वाचता येत नाही. दुकानदार म्हणतो, "ताई, ही पाकिटं परत न्या." माल चोख, वजन चोख, आणि पाकिटे परत! अशा वेळी दुरुस्तीवाला सांगतो, "हेड गेलंय, नवीन टाकावं लागेल."

हे हेड म्हणजे काय, ते कसे निवडावे आणि पैसे पाण्यात कसे जाऊ द्यायचे नाहीत, ते आता पाहू.

शाई नाही, मग अक्षर उमटते कसे?

या यंत्रात शाई नसते. कागदालाच औषध लावलेले असते. ऊब लागली की ते काळे पडते. खरे वाटत नसेल तर रोलचा एक तुकडा फाडून घ्या. त्यावर नखाने जोराने ओढा. घासण्याने ऊब येते आणि काळी रेघ उमटते. ज्या बाजूला रेघ उमटेल ती छापायची बाजू. रोल उलटा बसवला तर कागद कोराच बाहेर येतो. तेव्हा "हेड गेलं" म्हणण्याआधी हे नखाचे काम करून पाहावे. त्याला पैसा पडत नाही.

उष्णतेने छापायची ही कल्पना अमेरिकेतल्या जॅक किल्बी यांची. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीत ते काम करीत. आज मोबाइलमध्ये ज्याला चिप म्हणतात, तिचा पहिला नमुना त्यांनीच १९५८ साली करून दाखवला. त्यासाठी २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

कागदाला ऊब देणारी जी पट्टी, तिचे नाव हेड. बोटभर रुंद अशी ही पट्टी यंत्रात आडवी बसते. तिच्यावर बारीक ठिपक्यांची एकच रांग असते. ठिपके किती बारीक? एका मिलिमीटरात आठ! ज्या यंत्रात ५८ मिलिमीटर रुंदीचा रोल बसतो, ते बहुधा ४८ मिलिमीटर जागेत छापते. आठ गुणिले अठ्ठेचाळीस करा. ३८४ ठिपके झाले. प्रत्येक ठिपका वेगळा तापतो आणि वेगळा निवतो. खालून रबरी रोलर कागद पुढे सरकवतो. जो ठिपका तापला त्याच्याखाली काळे, जो थंड राहिला त्याच्याखाली पांढरे. अशा काळ्या ठिपक्यांचीच अक्षरे होतात.

आता तिफण डोळ्यांसमोर आणा. चाड्यात बी टाकले, नळ्यांतून ते जमिनीत पडते. एक नळा तुंबला तर काय होते? या बांधापासून त्या बांधापर्यंत एक ओळ मोकळी राहते. हेडचे तसेच आहे. एक ठिपका मेला की कागद जितका लांब, तितकी लांब पांढरी रेघ. रेघ कायम एकाच जागी, कागद सरकतो त्याच दिशेने.

पण नळा मातीने तुंबला आहे की फुटला आहे, हे आपण आधी पाहतो ना? मातीने तुंबला तर काडी घालून मोकळा करतो. त्यासाठी कोणी नवी तिफण आणत नाही. हेडवरही मळ बसतो. लेबलामागचा डिंक चिकटतो. मसाल्याची पूड बसते. हळद-मिरचीची पूड फार बारीक असते, ती कुठेही शिरते. त्यामुळे आम्ही सांगतो की यंत्र पाकिटे भरायच्या टेबलावर ठेवूच नका.

साफ करताना यंत्र बंद करावे, बॅटरी काढावी, हेड निवू द्यावे. मग मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेडवरून एकाच बाजूने अलगद पुसावे. हे औषध मेडिकलच्या किंवा इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळते. ते लवकर पेट घेते, म्हणून चुलीजवळ नको. पाणी नको, रॉकेल नको. ब्लेड, सुई, पिन तर मुळीच नको. हेडवर काचेसारखा पातळ थर असतो. त्याला ओरखडा गेला की तो ठिपका कायमचा गेला. हेडला उघडे बोटही लावू नये, घामातल्या खारामुळे ते खराब होते.

पुसून, वाळवून मग छापून पाहा. रेघ गेली तर पैसे वाचले. सगळे लेबल फिके येत असेल तर हेडला दोष देण्याआधी बॅटरी पुरी भरा आणि चांगल्या कागदाचा नवा रोल लावा. एकच बाजू फिकी असेल तर हेड तिरके बसले असेल किंवा रबरी रोलर झिजला असेल. रोलर बदलायला हेडपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो. मात्र पुसूनही रेघ त्याच जागी, तेवढीच बारीक आणि स्पष्ट राहिली, तर ठिपका मेला असे समजावे. मेलेला ठिपका दुरुस्त होत नाही. हेडच बदलावे लागते.

दिसायला सारखे, पण कामाला नाही

आमच्या माहितीतल्या एका गटाची गोष्ट सांगतो. गटाच्या आक्का जुने हेड रुमालात बांधून तालुक्याच्या गावी गेल्या. दुकानदाराने तसेच दिसणारे हेड काढून दिले.

आक्कांनी विचारले, "भाऊ, हे चालेल ना नक्की?"

"अहो आक्का, डोळे झाकून न्या. तेवढीच लांबी, तीच वायर. कंपनीचं घेतलं तर दुप्पट पैसे पडतील."

हेड बरोबर बसले. स्क्रू बरोबर लागले. वायर बरोबर शिरली. पण लेबल निघाले ते असे फिके, की उन्हात धरले तरी वाचता येईना. दुकानदार म्हणाला, "बसवलेला माल परत घेत नाही." झालं! पैसे गेले आणि सणाच्या तोंडावर आठ दिवस फुकट गेले.

बिघडले कुठे? ते हेड टेबलावरच्या मोठ्या यंत्रासाठी होते. तसल्या यंत्रात हेडला बहुधा २४ व्होल्ट वीज मिळते. हातातल्या लहान यंत्राची बॅटरी पुष्कळदा ७.४ व्होल्टची असते. विजेचा जोर एवढा कमी पडला की त्याच हेडला उष्णता दहाव्या हिश्शाहूनही कमी मिळते. मग कागद काळा कसा होणार? याच्या उलट झाले तर आणखी वाईट. लहान यंत्राचे हेड २४ व्होल्टवर लावले तर ते जळून जाते.

तेव्हा हेड डोळ्यांनी जुळवायची वस्तू नाही. ते वाचून जुळवायची वस्तू आहे.

काय वाचायचे?

हेडच्या पाठीवर किंवा वायरीजवळ एक लहान चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर इंग्रजी अक्षरे आणि आकडे असतात. हा त्या भागाचा नंबर. दुसरी चिठ्ठी यंत्राच्या तळाशी किंवा बॅटरीच्या खोबणीत असते. तिच्यावर यंत्राचे मॉडेल असते. दोन्ही नंबर वहीत उतरवून घ्या. इंग्रजी येत नसेल तरी अक्षर जसे दिसते तसे काढा. शून्य आणि ओ, एक आणि आय, आठ आणि बी ही अक्षरे नीट निरखा. यांच्यात फार घोटाळा होतो. मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. एक अक्षर चुकले की भलतेच हेड हातात येते.

मॉडेलचे नुसते नाव पुरत नाही, पुढची बारीक अक्षरेसुद्धा लागतात. कारण एकाच नावाचे यंत्र कंपनी चार-पाच वर्षे विकते आणि मधेच आतले हेड बदलते. बाहेरून दोन्ही यंत्रे जुळ्या भावांसारखी. एकाचे हेड दुसऱ्याला चालेलच असे नाही.

नंबर जुळला की निम्मे काम झाले. तरी दुकानदाराला आणखी काही गोष्टी विचाराव्या. पहिली रुंदीची. लहान यंत्रात छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर असते, मधल्या यंत्रात ७२, मोठ्यात १०४. पट्टी लावून मोजता येईल अशी ही गोष्ट आहे, तिथे सहसा कोणी फसत नाही.

दुसरी ठिपक्यांच्या दाटीची. इथे पुष्कळ जण फसतात. हेडवर किंवा त्याच्या कागदावर २०३ किंवा ३०० असा आकडा असतो आणि त्यापुढे डी, पी, आय ही इंग्रजी अक्षरे. एका इंचात किती ठिपके आहेत, ते यावरून कळते. २०३ म्हणजे मिलिमीटरला आठ, ३०० म्हणजे जवळजवळ बारा. कोणी म्हणेल, ठिपके जास्त असले तर अक्षर आणखी सुबक येईल, मग ३०० चेच घेऊ. तसे होत नाही. यंत्राच्या आतला बोर्ड ३८४ ठिपक्यांचाच हिशेब जाणतो. ते ३८४ ठिपके दाटीच्या हेडवर ४८ मिलिमीटरऐवजी साधारण ३२ मिलिमीटरातच संपतील. अक्षरे चेंगरतील आणि बारकोडच्या रेघा एकमेकींना खेटतील. दोन्ही दाटींची हेडे चालणारी यंत्रेही असतात, पण तसे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेले असले तरच मानावे.

तिसरी गोष्ट विजेची. व्होल्टचे वर सांगितलेच. त्याशिवाय हेडवर कधीकधी ओहम नावाचा आकडा असतो. ठिपका विजेला किती अडवतो, ते त्यावरून समजते. अडवणे कमी तर वीज जास्त जाते आणि ठिपका जास्त तापतो. नव्या हेडचा हा आकडा जुन्याशी जुळता हवा. काही यंत्रांत हेड बदलल्यावर हा आकडा यंत्राला सांगावा लागतो. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे. हेडच्या अंगावर उष्णता मोजणारा एक बारीक पहारेकरीही असतो. हेड फार तापले की तो बोर्डाला खबर देतो आणि बोर्ड वीज आवरतो. पहारेकरी वेगळ्या जातीचा असला तर खबर चुकते. म्हणून "बाकी सगळं सारखं आहे" या बोलण्यावर आम्ही विसंबत नाही.

आणि चौथी गोष्ट वायरीची. आमच्या मते हीच सगळ्यांत धोक्याची. हेडला चपटी, फितीसारखी वायर जोडतात. तिच्या टोकाला पितळी रंगाच्या बारीक पट्ट्या ओळीने असतात. जुन्याच्या पट्ट्या मोजा, नव्याच्या मोजा. संख्या वेगळी असेल तर तिथेच नको म्हणा. पण संख्या जुळली म्हणजे सगळे जुळले, असेही नाही. एका हेडात पहिल्या पट्टीतून वीज जाते, तर दुसऱ्या हेडात त्याच जागी निरोपाची तार असते. तशी जोडणी झाली तर नुसते हेड जात नाही, बोर्डही जळतो. मग यंत्र भंगारात. ही जुळणी डोळ्यांना दिसत नाही, ती नंबरावरूनच कळते. म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा नंबराकडे बोट दाखवतो.

कंपनीचे की जुळणारे?

बाजारात दोन प्रकारची हेडे मिळतात. एक यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचे. दुसरे दुसऱ्याच कोणी बनवलेले, पण त्या यंत्राला चालेल असे म्हणून विकलेले. त्याला "कंपॅटिबल" म्हणतात. आपण जुळणारे म्हणू.

जुळणारे हेड म्हणजे नकली माल, असे धरून चालू नये. यंत्राच्या पुष्कळ कंपन्या हेड स्वतः बनवतच नाहीत. जपानात क्योटो शहरातल्या क्योसेरा आणि रोम या दोन कंपन्या हेड बनवून यंत्रवाल्यांना पुरवतात. मग त्यावर यंत्रवाल्याचे नाव लागते. तेव्हा जुळणारे हेडही चांगले निघू शकते. वाईटही निघू शकते. वरचा काचेचा थर पातळ असला तर नवे हेड सहा महिन्यांत रेघा मारू लागते. ते दुकानात बघून कळायचे नाही.

मग करायचे काय? यंत्र हमीच्या मुदतीत असेल तर प्रश्नच नाही. कंपनीकडेच जावे. बाहेरचे हेड बसवले तर हमी गमावून बसाल. मुदत संपली असेल तर जुळणारे घ्यायला हरकत नाही, पण त्याआधी दुकानदाराकडून दोन गोष्टी कबूल करून घ्या. पावतीवर यंत्राचे मॉडेल आणि हेडचा नंबर लिहून द्यायचा. आणि बसवून चालले नाही तर अमुक दिवसांत बदलून द्यायचे, हेही त्याच पावतीवर लिहायचे. जो एवढे लिहून द्यायला कुरकुर करतो, त्याचे हेड अर्ध्या किमतीत मिळाले तरी महागच. कोणी "जुने पण चांगले" हेड देऊ लागला तर आम्ही घेणार नाही. ते किती घासले गेले आहे, ते कसे समजणार? हेडचे आयुष्य कागदाच्या लांबीवर मोजतात. बनवणारे बहुधा ५० किंवा १०० किलोमीटरचा हिशेब देतात. तुमचे लेबल पाच सेंटिमीटर लांब असेल तर एका किलोमीटरात २०,००० लेबले होतात आणि ५० किलोमीटरात दहा लाख. एवढी लेबले गावचा गट किती वर्षांत छापेल, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. त्याआधीच हेड गेले तर बहुधा धूळ, खरबरीत स्वस्त कागद, नाहीतर काळेपणा फार वाढवून ठेवण्याची सवय, यांतले काहीतरी नडलेले असते. काळेपणा मोबाइलवरून कमी-जास्त करता येतो. अक्षर स्वच्छ वाचता येईल इतकाच ठेवावा.

बसवायचे काम शक्यतो दुरुस्तीवाल्याकडून करावे. पण आपण समोर उभे राहावे. बॅटरी काढली ना, ते पाहावे. कोरड्या थंडीच्या दिवसांत स्वेटर काढताना अंगावर ठिणग्या चटचटतात, तशी एक ठिणगीही हेडला पुरते. म्हणून हेडला हात लावण्यापूर्वी एखाद्या मोठ्या उघड्या लोखंडी वस्तूला हात लावतात. चपटी वायर सरळ आणि पुरी आत गेली पाहिजे. नंतर यंत्राकडून चाचणीचा कागद काढून घ्यावा. बहुतेक यंत्रांत कागद सरकवायचे बटण दाबून धरून यंत्र चालू केले की तो निघतो. त्यावर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सारखा काळेपणा हवा, पांढरी रेघ एकही नको. तो कागद पाहूनच पैसे द्यावे.

नवे हेड यायला कधीकधी आठ-पंधरा दिवस लागतात. तोवर काम बंद ठेवायची गरज नाही. रेघ कुठे येते ते पाहा आणि मोबाइलवर लेबलाची मांडणी बदलून किंमत, तारीख, परवान्याचा नंबर त्या रेघेपासून बाजूला सरकवा. बारकोड आडवा असेल तर उभा करा, उभा असेल तर आडवा. कागद ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने बारकोडच्या काळ्या रेघा लांब असतील, तर मेलेला ठिपका एक अख्खी काळी रेघच खाऊन टाकतो. मग दुकानातले यंत्र अडते. बारकोड फिरवला की ती पांढरी रेघ सगळ्या काळ्या रेघांना एकाच जागी आडवी छेदून जाते. त्या जागेच्या वर आणि खाली सगळ्या रेघा पुऱ्या राहतात, आणि यंत्र तिथून वाचते. फिरवलेला बारकोड लेबलात मावतो ना आणि दोन्ही टोकांना थोडी कोरी जागा उरते ना, एवढे पाहा. पहिले लेबल घेऊन ओळखीच्या दुकानात जा, त्यांच्या यंत्रावर धरून बघा, आणि मग बाकीची छापा.